मिश्री आपली, म्हणून निर्धोक?



सावेडीच्या वस्त्यांत आरोग्याच्या कामाला फिरताना आम्ही विचारतो, "तंबाखू खाता का?" उत्तर येते, "नाही बाई." मग विचारतो, "मिश्री लावता?" "हो, ती तर दात घासायला!"

मिश्री, म्हणजेच मशेरी, ही तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. भाजल्याने तिचे विष जात नाही. हिरड्यांतून निकोटिन रक्तात उतरते, म्हणून तलफ लागते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पोटातल्या बाळालाही ती बाधते. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी सुमारे १०० ग्रॅमने हलकी भरली.

मग भीती का वाटत नाही? कारण धोका आपण एकट्याने मोजत नाही, आपल्या माणसांकडे पाहून मोजतो. गुटखा टपरीवरचा, राज्यात २०१२ पासून बंदी असलेला. म्हणून तो वाईट. मिश्री मात्र आजीची, सासूची. दाढ दुखली की शेजारीण मायेने चिमूटभर देते. मायेच्या हातची वस्तू घातक वाटतच नाही. विहारात पाचवे शील म्हणताना दारू आठवते, मिश्रीची डबी आठवत नाही.

पण ही माणसेच सवय सोडवूही शकतात. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडायला सांगितले. रूढीने लादलेली ती गोष्ट समाजाने मिळून सोडली. एकट्यादुकट्या घराला ते जड गेले असते.

म्हणून वर्षावासात ग्रंथवाचनाला जमणाऱ्या बायकांनी एकाच दिवशी मिश्री सोडावी. सासूबाईंना दोष देऊ नका, सोबत घ्या. डबी घरातून काढा. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा. सुरुवातीला चिडचिड होते, डोके दुखते, पोट साफ होत नाही. हे हळूहळू कमी होते. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, किंवा तोंड पुरते उघडत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात तपासून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. एकटीला भीती वाटत असेल तर शेजारणीला बरोबर न्या, आणि तिचेही तोंड तपासून घ्या.