आमची द्राक्षे बोटीने का जातात?

आमचे गाव निफाड तालुक्यात आहे. गावाजवळ समुद्र नाही, पण आमची द्राक्षे समुद्रातून जातात. ती कशी जातात ते मी या लेखात सांगणार आहे.

माझे मामा कंटेनरची गाडी चालवतात. पॅकहाउसमध्ये द्राक्षे आधी थंड करतात. मग पेट्या थंड कंटेनरमध्ये भरतात. हा कंटेनर म्हणजे चाळीस फूट लांब लोखंडी खोलीच. मामा कसारा घाट उतरून न्हावा-शेवा बंदरात जातात. तिथे क्रेन ती आख्खी खोली उचलून बोटीवर ठेवते. आतली एक पेटीसुद्धा बाहेर काढावी लागत नाही!

मुंबई बंदर जुने आहे. तिथे समुद्र जमिनीच्या आत शिरला आहे, म्हणून बोटींना लाटांचा मारा लागत नाही. 1869 साली सुएझ कालवा सुरू झाला आणि युरोपची वाट जवळ झाली. बोटी वाढल्या, म्हणून 1880 साली प्रिन्सेस डॉक ही गोदी सुरू झाली. पुढे तिथेही गर्दी झाली. मग खाडीपलीकडे न्हावा-शेवाला 1989 साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले.

मुंबईत सहारला विमानतळ आहे. तिथूनही माल जातो. प्रवासी वर बसतात आणि त्यांच्या पायाखालच्या जागेत माल असतो. शिवाय नुसता माल नेणारी विमानेही असतात. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झाले.

मी मामांना विचारलं, "विमान एका दिवसात पोचतं, मग द्राक्षं विमानानं का नाही पाठवत?" मामा हसले. म्हणाले, "अगं, विमानाचं भाडं किलोवर लागतं. सगळी द्राक्षं भाड्यातच जातील." म्हणून हिरे, औषधे, हापूस आंबे असा हलका, महाग किंवा लवकर नासणारा माल विमानाने जातो. जड आणि टिकणारा माल बोटीने जातो. द्राक्षे थंडीत टिकतात, म्हणून ती बोटीने जातात.

पण बोटीलाही धोका असतो. 2023 च्या शेवटी लाल समुद्रात बोटींवर हल्ले होऊ लागले. म्हणून 2024 च्या हंगामात पुष्कळ बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेल्या. आमचा माल उशिरा पोचला. देठ वाळले, मणी गळाले. व्यापाऱ्याने पैसे कापले. ताईला सायकल घ्यायची होती, ती राहिली. ताई काही बोलली नाही, पण तिचे डोळे भरले होते.

गुरुजींनी मला पृथ्वीगोल आणि दोरा दिला. मी मुंबईपासून हॉलंडमधल्या रॉटरडॅम बंदरापर्यंत दोरा धरला. आधी सुएझमधून, मग आफ्रिकेला वळसा घालून. दुसरा दोरा दीडपटीहून मोठा भरला! तेव्हा मला कळले, की ताईची सायकल कुठे अडली.

पृथ्वीगोल वर्गात खिडकीपाशी ठेवला आहे, दोरापण तिथेच आहे. मित्रांनो, तुम्हीपण मोजा. आलेल्या पालकांनीही मोजून बघावे. आमचे अण्णा तर आता रोज बातम्यांत लाल समुद्राचे नाव येते का, ते आधी ऐकतात. मग बागेत जातात.