कापडाची कड आणि शिवण

कापड कापले की कडेचे धागे मोकळे होतात व धुण्यागणिक सुटू लागतात. म्हणून शिवणीचे आयुष्य टिपेइतकेच कडेच्या बंदोबस्तावर अवलंबून असते. बेळ्ळंदूरजवळच्या बोम्मनहळ्ळी भागातील तयार कपड्यांच्या कारखान्यांत ओव्हरलॉक यंत्र कड छाटते आणि त्याच वेळी ती दोऱ्यांनी वेढते. घरी हे यंत्र नसल्यास पातळ कापडाला फ्रेंच शिवण घालावी. प्रथम कापडाच्या उलट बाजू समोरासमोर ठेवून कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर टीप मारावी. कड निम्मी छाटावी. नंतर सुलट बाजू समोरासमोर आणून घडीपासून पुन्हा अर्ध्या सेंटिमीटरवर टीप मारावी. सुटे धागे आत कोंडले जातात. जाड कापडात मात्र ही शिवण फुगते. तेथे एक कड छाटून दुसरी तिच्यावर दुमडावी व वरून टीप मारून चपटी शिवण घालावी.