गठ्ठ्याने विकू नका

घरातल्या वडीलधाऱ्या नानांच्या रेकॉर्डी मी मातीमोल विकल्या, असे आमची चुलत भावंडे अजून सांगत फिरतात. त्यांच्यापैकी एकानेही कधी त्या रेकॉर्डींच्या पेटीवरची धूळ झटकली नव्हती, एवढे आधी नोंदवून ठेवतो. ‘निसर्ग’ वादळात, ३ जून २०२० ला, माडीची कौले उडाली तेव्हा ती पेटी भर पावसात ओटीवर आणली ती मी.

त्या रेकॉर्डी घेणारा पाहुणा मुंबईचा. गावच्या काळभैरवाचे दर्शन झाले, प्रदक्षिणा झाली, आमच्याकडचे मोदक खाऊन झाले आणि मग ओटीवरच्या पेटीकडे त्याचे लक्ष गेले. बालगंधर्वांची प्लेट त्याने कपाळाला लावली. मास्टर दीनानाथांचे नाव वाचून डोळे मिटले. माझी बायको आतून कौतुकाने बघत होती. खालच्या इंग्रजी प्लेटा मात्र त्याने भराभर चाळल्या, पत्ते पिसावेत तशा. मी सरळ विचारले, “यात काही किमती असेल तर सांगा, भावंडांत वाटणी करावी लागेल.” तो म्हणाला, “काका, किंमत नाटकवाल्यांना, तीही भावनेची. ह्या इंग्रजी तर बुरशीने गेल्यात. मित्राच्या कॅफेत भिंतीवर लावायला होतील.” सगळ्या गठ्ठ्याचे चार हजार रुपये मोजले आणि पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली. मला हात लावू दिला नाही.

पुढे इंग्लंडमधल्या भाच्याने एका विक्रीच्या जाहिरातीचा फोटो पाठवला. बीटल्सची ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) रेकॉर्ड, भारतीय बनावटीची. शेजारी तिचे खाकी कागदी पाकीट आणि त्यावर जांभळ्या शाईत नानांचे अक्षर: ‘सुई बदलून लावणे’. अक्षर कुणाचे, हे भाच्याला माझ्याआधी कळले होते. नानांनीच त्याला बाराखडी गिरवायला लावली होती. वर्णनात लिहिले होते, ‘कोकणातल्या एका जुन्या घरातून, उत्तम स्थितीत’. बुरशीचा उल्लेख नाही! मागितलेली किंमत पौंडांत होती. रुपयांत ती आमच्या खानावळीच्या अख्ख्या मोसमाच्या कमाईपेक्षा जास्त. मी त्या पाहुण्याला फोन केला तर म्हणतो, “काका, तुम्ही राजीखुशीने दिल्यात.” राजीखुशीने दिल्या, खरे आहे. पण विचारल्यावर खोटे कोण बोलले?

आता ही किंमत कशाची, ते ऐका. ब्रिटनमध्ये ७८च्या रेकॉर्डी १९६० च्या सुमारास बंद पडल्या. पार्लोफोन या लेबलवर बीटल्सची पहिली रेकॉर्ड आली ऑक्टोबर १९६२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मायदेशी त्यांची ७८ निघालीच नाही. आपल्याकडे मात्र गावोगाव चावीचे फोनो होते. आमच्या घरात तर वीजच नव्हती. अशा घरांसाठी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीही ७८वर काढली गेली, लाखेची, जड, हातातून पडली की तुकडे. फारच थोड्या उरल्या. म्हणून परदेशातले शौकीन त्यासाठी हजारो पौंड मोजतात. त्या जगात पैशाला धरबंध नाही. रिंगो स्टारकडची ‘व्हाइट अल्बम’ची पहिल्या क्रमांकाची प्रत डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ७ लाख ९० हजार डॉलरला गेली.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी आधी पाहावे की १९६० नंतरचे इंग्रजी गाणे ७८वर आहे का. पार्लोफोनची खूण म्हणजे पौंडाच्या चिन्हासारखा दिसणारा एल. लेबलचे आणि लेबलजवळ कोरलेल्या क्रमांकाचे फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचे. जुने पाकीट फेकू नका; दुकानाचा शिक्का, कुणाचे अक्षर, सगळ्याला गिऱ्हाईक आहे, हे मला त्या फोटोने शिकवले. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. आमच्याकडची खारी, दमट हवा वाईट, म्हणून उभ्या ठेवा, एकीवर एक नकोत.

इंटरनेटवर दिसतो तो मागितलेला भाव. विकला गेलेला भाव वेगळा, आणि डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर तो जुन्या व्यवहारांसकट बघता येतो. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे, जाणकार माणसे तिथे भेटतात. उगाच आशाही धरू नका. ‘शोले’च्या संवादांची एलपी घरोघरी होती, तिच्यावर कुणी बंगला बांधलेला नाही. बाकी व्यवहार लेखी करा, पावती घ्या, हे कुणीही सांगेल.

आणि गठ्ठ्याने विकू नका. संपूर्ण पेटी मागणाऱ्याला त्यातले एकच हवे असते आणि त्याच्याकडे तो बघत नाही. एकेक प्लेट काढून ‘हिचे किती?’ विचारा. चेहरा बघा. कुठे तो फार सहज बोलतो, ते बघा.

गेल्या दिवाळीत त्या मुंबईच्या पाहुण्याचाच निरोप आला: फोनो विकायचा आहे का, भोंगा पितळीच आहे ना? मी आकडा कळवला. भाच्याला विचारून, पौंडांत. अजून उत्तर नाही.