जुनी डिझेल गाडी घेण्यापूर्वी तिचे 'फेरफार' पाहावेत

शेतजमीन विकत घेणारा सुज्ञ कास्तकार सातबाराचा ताजा उतारा पाहून लगेच इसार देत नाही. तो जुने फेरफार काढवितो, बोजा आहे की काय याची चौकशी करतो, आणि मगच व्यवहारास हात घालतो. परंतु तोच कास्तकार जुनी मालवाहू गाडी घ्यावयास निघाला म्हणजे रंग, टायर व किंमत एवढ्यावरच समाधान मानतो, असे पुष्कळदा आढळते. कापूस जिनिंगपर्यंत, भाजीपाला बाजारपेठेपर्यंत आणि खते-बियाणे शेतापर्यंत नेण्यास लहान डिझेल गाडी फार सोयीची. २००५ साली निघालेल्या टाटा एस या गाडीस तर लोकांनी 'छोटा हत्ती' असे घरचेच नाव दिले. नवी गाडी आवाक्याबाहेर गेली म्हणजे जुनीकडे वळणे यात गैर काही नाही. मात्र तिचा मागील इतिहास वाचण्याची रीत माहीत असली पाहिजे.

योग्यतेचा दाखला

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५६ अन्वये प्रत्येक परिवहन वाहनास, म्हणजे पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेल्या मालगाडीसही, योग्यता प्रमाणपत्र असावे लागते. बोलण्यात यासच 'फिटनेस' म्हणतात. हे प्रमाणपत्र चालू नसेल तर त्या गाडीची नोंदणीच कायद्याच्या दृष्टीने वैध मानली जात नाही. अशा गाडीस अपघात झाल्यास विमा कंपनी हरकत घेते, आणि भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येण्याचा संभव असतो. सबब हा कागद गौण समजू नये.

तपासणीत ब्रेक, सुकाणू, दिवे, टायर, वेगनियंत्रक, धूर इत्यादी गोष्टी पाहिल्या जातात. परंतु हा दाखला म्हणजे त्या एका दिवसाची साक्ष होय. दुसऱ्याकडून चार चांगले टायर मागून आणून बसविले व तपासणी होताच ते परत केले, तर दाखला खरा राहतो आणि गाडी मात्र बदलते. म्हणून एका दाखल्यावर न थांबता सर्व दाखल्यांची साखळी पाहावी.

ब्रिटनमध्ये मोटारींची सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली. तेथे गाडीचा क्रमांक घातला की मागील तपासण्यांचे निकाल, नापास होण्याची कारणे आणि त्या त्या दिवशी मापकावर दिसलेले अंतर कोणासही सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. आपल्याकडे 'एम-परिवहन' या ॲपवर नोंदणी, फिटनेस, विमा व पीयूसी यांच्या चालू मुदती कळतात. मागची साखळी खरेदीदारास स्वतःच जुळवावी लागते. विकणाऱ्याजवळचे जुने दाखले मागावेत, व शंका असल्यास परिवहन कार्यालयात रीतसर अर्ज करून गाडीच्या नोंदीचा तपशील घ्यावा.

तारखांचे गणित

नव्या मालगाडीचा फिटनेस पहिली दोन वर्षे चालतो. २०१८ च्या नोव्हेंबरात नियम बदलल्यापासून पुढील नूतनीकरण गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि त्यानंतर दर वर्षी करावे लागते. ही मोजणी ध्यानात ठेवली म्हणजे खंड कोठे पडला ते बसल्या जागी कळते.

समजा, एक गाडी जून २०१९ मध्ये नोंदली गेली. पहिली मुदत जून २०२१ ला संपली आणि नूतनीकरण नोव्हेंबर २०२१ च्या आरंभी झाले. हा विलंब संशयास्पद मानू नये. कारण कोरोनाच्या साथीमुळे १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेल्या दाखल्यांची मुदत केंद्र शासनाने वाढवीत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत ग्राह्य धरली होती. पुढील मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली, आणि त्यानंतरचा दाखला मार्च २०२५ चा आहे. येथे सोळा महिन्यांचा खंड पडला. या काळात गाडी एक तर उभी होती, किंवा दाखल्यावाचून चालत होती. उभी असल्यास टायरांचे रबर, बॅटरी, ब्रेकचे सिलिंडर व डिझेलची टाकी खराब झालेली असण्याचा संभव. चालत असल्यास दंडाच्या पावत्या थकलेल्या असण्याचा. विकणाऱ्यास याचे कारण स्पष्ट विचारावे. उत्तरास कागदाचा आधार नसेल तर किंमत त्या मानाने उतरवावी, अथवा गाडी सोडून द्यावी.

याच वेळी चाललेले अंतरही ताडून पाहावे. दुरुस्तीच्या पावतीवर बहुधा किलोमीटर लिहिलेले असतात. २०२२ च्या पावतीवर ९६,००० आणि आज मापकावर ७१,००० असा आकडा दिसला, तर मापक मागे फिरविले किंवा बदलले हे उघड आहे.

पांढऱ्या पाटीची गाडी

खासगी म्हणून नोंदलेल्या व्हॅनची नोंदणी पंधरा वर्षांची असते, व तोपर्यंत तिला फिटनेसची नियतकालिक तपासणी नसते. म्हणजे दहा वर्षांच्या खासगी गाडीस सरकारी तपासणीचा इतिहासच नसतो. तेथे दुरुस्तीच्या पावत्या व जुने विमापत्र हेच फेरफार. पूर्ण विमा असून त्यावर दावा न केल्याबद्दलची सूट वर्षानुवर्षे वाढत गेलेली दिसली, तर ती चांगली खूण होय. मध्येच ती शून्यावर आली असेल, तर अपघात झाला होता काय ते विचारावे. अशी गाडी भाड्याने मालवाहतुकीस लावता येत नाही, हेही विसरू नये.

दाखला जे सांगत नाही

फिटनेसवरून इंजिनाचे उरलेले आयुष्य कळत नाही. त्यासाठी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी आपल्यासमक्ष सुरू करवावी. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असल्यास दुसऱ्या दिवशी जावे. सतत निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. जोर देताच दाट काळा धूर म्हणजे इंजेक्टर, पंप किंवा हवेची गाळणी यांत दोष. गाडी तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर पाणी इंजिनात शिरत असण्याचा संशय घ्यावा. तेल भरण्याचे झाकण काढल्यावर तेथून वाफेसारखा धूर जोराने येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. पीयूसीचा जुना दाखला पाहण्यापेक्षा स्वतः उभे राहून नवी धूरचाचणी करवावी. तिचा खर्च अल्प आणि माहिती मोलाची. चासिसवर कोरलेला क्रमांक नोंदणी पुस्तकाशी अक्षरशः जुळला पाहिजे.

परराज्यातील गाडी

पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ ने पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतो. त्यामुळे तिकडील गाड्या आपल्या भागात विक्रीस येणे स्वाभाविक आहे. अशा गाडीस मूळ कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र हवे. महाराष्ट्राचा कर व एम.एच. २९ ची नवी नोंदणी यांचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल, तर त्यापुढे नूतनीकरणाचे शुल्क पुष्कळ चढते हेही हिशेबात घ्यावे.

व्यवहार पुरा कसा करावा

गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे ना-देय पत्र व नमुना ३५ हाती आल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० भरावे. त्याच राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. विमा आपल्या नावे करण्यासाठीही चौदा दिवसांतच अर्ज द्यावा. कोऱ्या सह्या घेऊन गाडी वर्षभर तशीच चालविण्याची चाल दोघांसही घातक आहे. नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, व अपघाताची जबाबदारीही त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली दिला आहे. तेव्हा आपली जुनी गाडी विकणाऱ्या कास्तकारानेही नाव उतरेपर्यंत स्वस्थ बसू नये.

या सर्व चौकशीस दोन-तीन दिवस व थोडा खर्च लागेल. कापूस घरात येऊन पडला म्हणजे घाईने सौदे होतात. म्हणून गाडी घ्यावयाची झाल्यास ती हंगामापूर्वी, उन्हाळ्यातच पाहावयास लागावे, म्हणजे नको त्या गाडीस नाही म्हणावयास सवड राहते.