लाल टोपीवालीनं स्वतः काय केलं?



लाल टोपीवालीची गोष्ट तिसरी-चौथीच्या बहुतेक मुलांना माहीत असते. शेवट विचारला की उत्तर ठरलेलं: लांडग्यानं आजीला आणि तिला गिळलं, मग शिकाऱ्यानं पोट फाडून दोघींना बाहेर काढलं. आता पुढचा प्रश्न विचारून बघा. गोष्टीत तिनं स्वतः काय काय केलं? फुलं तोडली, लांडग्याशी बोलत बसली, प्रश्न विचारले. बस्स! जिच्या नावाची गोष्ट, तिच्या वाट्याला नुसती चूक, आणि शाबासकी शिकाऱ्याला. अशा गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकून मुली काय शिकतात? संकट आलं की कुणीतरी येईपर्यंत थांबायचं.

धीट नायिकेच्या नव्या परीकथा वर्गात घेतल्या की एखादे पालक विचारतात, ‘मूळ गोष्ट कशाला बदलायची?’ प्रश्न रास्त आहे. पण मूळ म्हणायचं कुणाला?

फ्रान्समध्ये शार्ल पेरोनं 1697 मध्ये ही गोष्ट छापली. तिथं लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. शिकारी नाहीच. तो भेटतो जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या 1812 च्या पुस्तकात. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात, सुटका झाल्यावर लांडग्याच्या पोटात भरायला मोठे दगड लाल टोपीवालीच आणते. पुढे आणखी एक भाग आहे. दुसऱ्यांदा लांडगा भेटतो तेव्हा ती थांबत नाही, थेट आजीकडे जाते, दोघी दार लावून घेतात. लांडगा छपरावर दबा धरून बसतो. आजीच्या सांगण्यावरून ती सॉसेज उकडलेलं पाणी वाहून आणून दारापुढची दगडी डोणी भरते. वासानं लांडगा मान लांबवतो, घसरतो आणि डोणीत बुडून मरतो. मुलांसाठीच्या छोट्या पुस्तकांत हा भाग सहसा गाळलेला असतो. म्हणजे धीट मुलगी आपण नव्यानं घुसडत नाही, गाळलेली परत आणतो.

फ्रान्सच्या खेड्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नोंदवलेल्या एका तोंडी गोष्टीत तर मुलगी ‘मला बाहेर जायचंय’ म्हणते. (आपल्या वर्गातलं ‘बाई, एकीला जाऊ?’ आठवलं ना!) तिच्या पायाला दोर बांधून तिला बाहेर सोडतात. ती दोर आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि घरी पळते.

चीनमधल्या अशाच गोष्टीवरून एड यंग यांनी ‘लोन पो पो’ हे चित्रपुस्तक केलं (1989). त्यात तीन बहिणी झाडावर चढतात, गिंको फळांचा मोह दाखवून लांडग्याला टोपलीतून वर ओढतात आणि मधेच दोर सोडतात. रॉबर्ट मन्श यांच्या ‘द पेपर बॅग प्रिन्सेस’मधली (1980) एलिझाबेथ ड्रॅगनची स्तुती करकरून त्याला दमवते, झोपवते आणि राजपुत्राला सोडवते. तो तिच्या अवताराला नावं ठेवतो, तेव्हा ती लग्नच करत नाही. आमच्या वर्गात यावर सगळ्यात मोठ्यानं मुलगेच हसले.

माझं मत सांगते. राजकन्येच्या हातात तलवार दिली की झालं, असं नाही. ती सगळ्यांना धोपटत सुटली तर गोष्ट कंटाळवाणी होते. वरच्या सगळ्याजणी घाबरतात, पण डोकं चालवतात. आपली भोपळ्यातली म्हातारी तरी वेगळं काय करते? आधी लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, असा वायदा करून वाटेतल्या प्राण्यांच्या तावडीतून निसटतेच ना!

वर्गात कसं घ्याल?

लांडगा आजीच्या पांघरुणात आहे, मुलगी पलंगाजवळ उभी आहे, इथं गोष्ट थांबवा. चार-चारचे गट करा. अटी दोनच: जादू नाही, आणि मदतीला बाहेरून कुणी येणार नाही. घरात जे असेल तेच वापरायचं. पाट, चूल, तिखटाचा डबा, काहीही. गटात मुलगे-मुली मिसळून बसवा, नाहीतर मुलगे लगेच बंदुका आणतात. मुलांना आधी तोंडी सांगू द्या, लिहिणं दुसऱ्या दिवशी.

मग ग्रिमचा तो गाळलेला भाग वाचून दाखवा. सॉसेज माहीत नसेल तर सुक्या बोंबलाचं पाणी म्हणा, वास लगेच कळतो.

पालकहो, घरी हेच झोपताना करता येईल. फक्त मूल विचार करत असताना उत्तर पुरवू नका.