नातवंडांची भाषा आणि बोलकी यंत्रे



घाटावरच्या कितीतरी घरांतली माणसे गिरणीत कामाला म्हणून मुंबईला गेली व लालबाग, परळ, घोडपदेव भागात राहिली. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागी म्हाडाच्या इमारती झाल्या. चाळीच्या गॅलरीत पोराच्या कानावर दहा घरची मराठी पडे. आता कित्येक घरांत दार बंद, आईबाप कामावर आणि बोलायला मोबाईल. तेव्हा यंत्राच्या आवाजाने मूल भाषा शिकते काय, हे आपण समजून घेऊ.

अमेरिकेत सिएटल येथील पॅट्रिशिया कूल व सहकाऱ्यांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसे बारा वेळा समोर बसून बोलली, खेळली. ती बाळे चिनी भाषेतले आवाज वेगळे ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना तेच टीव्हीवरून वा नुसत्या ध्वनिफितीवरून ऐकवले; ती काही शिकली नाहीत. पाटाला पाणी आले म्हणून रान भिजत नाही, दारे धरणारा लागतो.

मग यंत्र टाकाऊ काय? तसे नाही. 2014 च्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवर नवे शब्द शिकली. आधी चित्रित केलेल्या फितीवरून मात्र नाही. कारण कॉलवरचे माणूस पोराला तिथल्या तिथे उत्तर देते.

वाचू लागलेल्या मुलांसाठी गूगलचे 'बोलो' ॲप 2019 साली निघाले. 2020 मध्ये ते 'रीड अलाँग' नावाने मराठीसह नऊ भाषांत आले. मूल मोठ्याने वाचते, यंत्र ऐकते, अडलेला शब्द उच्चारून दाखवते. सराव चांगला. पण कोवळा आवाज व गावाकडची बोली यंत्राला पुष्कळदा उमगत नाही. यंत्र चूक म्हणाले म्हणून पोराला चूक ठरवू नये.

आपण इतके करावे :

1) तान्ह्या बाळापुढे मोबाईल लावून ठेवू नये; त्याच्याशी आपण बोलावे.

2) मुंबईच्या नातवंडांना ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल करावा. 'जेवलास का' एवढ्यावर न थांबता सरी, बेणे, वाढे, पाचट दाखवावे, नाव सांगावे, त्याच्याकडून म्हणवून घ्यावे.

3) पोर बोलत असता मध्ये तोडू नये.

लावणीतल्या नांग्या वेळेत भरल्या तरच ऊस बरोबरीने येतो. भाषेचेही तसेच आहे. फोन खिशात आहेच; आज संध्याकाळीच लावा.