विश्वास, सकारात्मक विचार आणि घरची समृद्धी



मागच्या खरिपानंतर सिहोऱ्याजवळच्या एका घरी आम्ही भेटीला गेलो होतो. धान्याची कोठी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. ऐन भरात तुडतुडा आला आणि बांध्या जळाल्यासारख्या पिवळ्या पडल्या. असे नुकसान आपल्या भागाला नवे नाही. पण घरच्या बाईने जे सांगितले ते ऐकून आम्ही गप्प झालो. रोवणीच्या आधी ती शेजारणीबरोबर बाहेरगावच्या एका प्रार्थनासभेला गेली होती. तेथे उपदेशकाने सांगितले, "जे देवाला द्याल ते बी आहे, शंभरपट उगवेल, मनात शंका मात्र आणू नका." तिने युरियासाठी ठेवलेले पैसे दिले. पीक गेल्यावर ती पुन्हा विचारायला गेली, तेव्हा उत्तर मिळाले की बी चांगले होते, जमीन, म्हणजे तिचे मन, कच्चे होते. "भाऊ, मायाच विश्वास कमी पडला असन," ती म्हणाली. तेव्हापासून ती मिस्सालाही येईनाशी झाली. लाज वाटते, म्हणाली.

म्हणून या रविवारी हा विषय घेतला आहे. चांगला विचार केला, विश्वास ठेवला, तर समृद्धी येते का? प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या घरी दोन एकर धान आणि सोसायटीचे कर्ज आहे, त्याला समृद्धी हवी असणे हे पाप नव्हे. प्रभूने आपल्याला रोजची भाकर मागायला शिकवले आहे.

ही शिकवण आली कोठून, ते आधी थोडक्यात पाहू. न्यूयॉर्कचे प्रोटेस्टंट पाळक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे सकारात्मक विचारांच्या सामर्थ्यावरचे पुस्तक १९५२ साली निघाले आणि जगभर खपले. निराश माणसाला उभे करावे हा त्यांचा हेतू होता, आणि अनेकांना त्याचा उपयोग झाला हे मान्य केले पाहिजे. त्याच काळात अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स यांच्यासारख्या प्रचारकांनी दान म्हणजे पेरलेले बी आणि पीक म्हणजे पैसा, आरोग्य, अशी मांडणी केली. केनेथ हेगिन यांच्या परंपरेत तर तोंडाने उच्चारलेला विश्वासाचा शब्दच वस्तू घडवून आणतो असे शिकवले गेले. टीव्हीवरून आणि पुढे मोबाईलवरून हे सारे आपल्या खेड्यापर्यंत आले. रोममधील 'ला चिविल्ता कत्तोलिका' या येशूसंघीय नियतकालिकाने २०१८ साली या शिकवणीवर सविस्तर लेख छापून तिचा धोका दाखवला. त्यातला एक मुद्दा आपल्याला लगेच पटेल: या शिकवणीत गरीब माणूस दोनदा मार खातो. एकदा गरिबीचा, आणि दुसऱ्यांदा 'तुझाच विश्वास कमी' या आरोपाचा.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. सकारात्मक विचाराचे उपदेशक नीतिसूत्रांच्या २३ व्या अध्यायातील ७ वे वचन फार वापरतात: माणूस मनात जसा विचार करतो तसाच तो असतो, असा त्याचा अर्थ लावतात. बायबल उघडून ६ ते ८ ही तिन्ही वचने एकत्र वाचा. तेथे विषय आहे कंजूष यजमानाचा! तो तोंडाने जेवा जेवा म्हणतो, पण मनात घास मोजत असतो. अशाच्या पंक्तीला बसू नको, असा तो सल्ला आहे. समृद्धीचा तेथे संबंधच नाही. एखादे वचन शेजारच्या वचनांपासून तोडले की त्याचे काय होते, याचा हा नमुना.

संत पौलाचेही तसेच. ख्रिस्ताच्या बळावर आपण सर्व काही करू शकतो, हे फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील (४:१३) बोल घराघरांत भिंतीवर असतात. पण पौल हे तुरुंगातून लिहीत आहे, आणि त्याआधीच्या दोन वचनांत तो म्हणतो की पोटभर खाणे आणि उपाशी राहणे, विपुलता आणि टंचाई, दोन्हीत कसे राहावे हे तो शिकला आहे. म्हणजे त्याचे 'सर्व काही' यात उपवाससुद्धा आला. त्याच अध्यायात (४:८) जे सत्य, आदरणीय, न्याय्य आणि शुद्ध आहे त्याचे मनन करा असेही तो सांगतो. हा खरा ख्रिस्ती सकारात्मक विचार. यादीत पहिला शब्द 'सत्य' आहे, हे लक्षात घ्या. तुडतुडा लागलेल्या बांधीकडे पाहून पीक छान आहे असे म्हणणे हा विश्वास नाही.

पण या विषयावर सर्वांत जास्त शिकवतो तो यिर्मया. यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातील ११ वे वचन, देवाच्या मनात आपल्याविषयी कल्याणाचे संकल्प आहेत हे सांगणारे, आपल्या कॅलेंडरांवर आणि लग्नपत्रिकांवर छापलेले असते. त्याच्या आधीचा २८ वा अध्याय मात्र फारसा कोणी वाचत नाही. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. बाबेलच्या राजाने लोकांना बंदिवान करून नेले होते. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता, की हे ओझे काही काळ वाहावेच लागेल. हनन्याने मंदिरात सर्वांसमोर ते जू काढून मोडले आणि जाहीर केले की दोन वर्षांत सारे परत येतील. लोकांना किती बरे वाटले असेल! विशेष म्हणजे यिर्मयाचे पहिले उत्तर 'आमेन' असे आहे. देव तसे करो, असे तो म्हणतो. चांगले व्हावे असे त्यालाही वाटत होते. पण देवाने हनन्याला पाठवलेले नव्हते. लाकडाचे जू मोडून लोकांच्या मानेवर लोखंडाचे जू आले.

आणि मग २९ व्या अध्यायातील ते पत्र. बंदिवानांना यिर्मया लिहितो: घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षे लागतील. कल्याणाचे ते प्रसिद्ध वचन या सत्तर वर्षांच्या लगेच पुढे येते. हनन्याची आशा ऐकून माणूस सामान बांधून दारात बसला असता; यिर्मयाची आशा ऐकून त्याने कुदळ हाती घेतली. शेतकऱ्याला हा फरक वेगळा समजावण्याची गरज नाही. सोंड्याटोल्याच्या उपसा योजनेने बावनथडीचे पाणी चांदपूरच्या तलावात चढते हे आपण सर्व जाणतो. पण पंप चालू करावा लागतो, आणि कालवा साफ नसेल तर शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचत नाही.

मानसशास्त्रातही याला दुजोरा देणारे काही आढळते. गॅब्रिएल ओटिंगन यांनी थॉमस वॉडन यांच्यासह १९९१ साली वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला जमेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचे वजन जास्त उतरले. पण आपण बारीक झालोच अशी गोड चित्रे मनात रंगवणाऱ्यांचे कमी उतरले. चित्रातच समाधान मिळाले की पाय उचलत नाहीत. लूकच्या शुभवर्तमानातील (१२:१६-२१) मूर्ख धनवान आठवा. खरे तर तो अगदी सकारात्मक माणूस! कोठारे मोठी बांधीन, जीवा, खा, पी, मजा कर. त्याच्या सबंध विचारात 'मी' आणि 'माझे' याखेरीज कोणी नाही. शेजारी नाही, मजूर नाही, देव तर नाहीच.

मग ख्रिस्ती माणसाने समृद्धीसाठी काही करूच नये का? करावे, आणि आपल्या महाराष्ट्रातच ते केलेले आहे. १९१८ साली वसईत मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथोलिकांची सहकारी पतसंस्था सुरू झाली. तीच आजची बसीन कॅथोलिक को-ऑपरेटिव्ह बँक. सहकारी पतपेढीची ही कल्पना जर्मनीतील फ्रिडरिश रायफायझन यांची. गावचा हा प्रोटेस्टंट नगराध्यक्ष शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेने प्रेरित झाला होता. आधी त्याने श्रीमंतांच्या दानावर मंडळ चालवले. पण पुढे गरिबांनी एकमेकांसाठी जामीन राहणे अधिक टिकते हे त्याला कळले. भारतातला १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा याच धर्तीवर झाला. येथे विश्वास आहेच, पण तो दोन दिशांनी चालतो: देवावर, आणि शेजाऱ्यावर. आमचे मत असे की बचतगटाच्या वहीवर बायका वेळेवर शंभर रुपये भरतात तेव्हा तेथे पुष्कळ सभांपेक्षा जास्त विश्वास असतो.

दुसरे नाव फादर हर्मन बाकर यांचे. हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दुष्काळी भागात राबले. पाऊस पडतो पण थांबत नाही, माती घेऊन जातो, हे त्यांनी ओळखले. जर्मनीच्या मदतीने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटर ही संस्था स्थापन केली. कामाची रीत अशी की डोंगरमाथ्यापासून सुरुवात करून खाली यायचे: समतल चर, झाडे, बांध, मग नाला. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावात टँकरची वाट पाहणाऱ्यांनी विहिरींना पाणी आलेले पाहिले. फादर बाकर २०२१ साली देवाघरी गेले. त्या गावांतले बहुतेक लोक ख्रिस्ती नव्हते; पाण्याने कोणाचा धर्म विचारला नाही. आपल्याकडे पाऊस त्यांच्याहून कितीतरी अधिक, शिवाय मालगुजारी तलावांचा वारसा आहे. ते तलाव गाळाने भरत असतील तर केवळ प्रार्थनेत कमी पडलो असे म्हणता येणार नाही.

दशांशाविषयीही एक शब्द. मलाखीचा ३ रा अध्याय, १० वे वचन, दान मागताना हटकून वाचतात. त्याच अध्यायातील ५ वे वचन मजुराची मजुरी बुडवणाऱ्याविरुद्ध, विधवा, अनाथ आणि परक्याला छळणाऱ्याविरुद्ध आहे. याकोबाच्या पत्रातही (५:४) कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते. रोवणीच्या बायांचे पैसे दिवाळीपर्यंत लांबवून देवळात आशीर्वाद मागणाऱ्यांनी (आपल्यात असे आहेत, नाव घेत नाही) ही दोन वचने जोडीने वाचावीत.

उपवासकाळात आम्ही त्या बाईकडे पुन्हा गेलो. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी 'कोणाचे पाप?' असे विचारले तेव्हा प्रभूने ना त्याचे ना त्याच्या आईबापांचे असे सांगितले (योहान ९:१-३), ते तिला वाचून दाखवले. तिने ऐकून घेतले. मग विचारले, "मंग ते पैसे देवाले पोचलेच नाही का?"

चटकन उत्तर देता आले नाही. आम्ही मार्कच्या १२ व्या अध्यायातील गरीब विधवेचे दान काढले. तिची दोन नाणी प्रभूने पाहिली, मोजली, सर्वांहून मोठी मानली. तेव्हा तुझे देणेही पोचले, असे सांगितले. पण त्याच उताऱ्याच्या किंचित आधी, ४० व्या वचनात, विधवांची घरे गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांना प्रभू काय म्हणतो तेही वाचले. ती म्हणाली, "हे दोन्ही एकाच पानावर हाये?" आणि पुस्तक आपल्या हातात घेऊन, बोट ठेवून, पुन्हा वाचू लागली.

पुढच्या रविवारी ती मागच्या बाकावर दिसली. पऱ्हे टाकायच्या वेळेसाठी बियाण्याची सोय शेजारच्या दोन घरांनी मिळून केली आहे. खताचे अजून व्हायचे आहे.